स्पीकर फाटला नव्हता, अल्बमच तसा हाय!

मंडळी, कराडात शूगेझ मिसळलेलं ब्लॅक मेटल, म्हंजी परदेशी गोंगाटी रॉक, ऐकणारं कुणी हाय का? असाल तर आधी घरच्यांपासून स्पीकर लपवा.

आज सकाळी मी रानात होतो. चुलतभाऊ संत्यानं माझ्या स्पीकरवर माझा तसलाच एक आवडता अल्बम लावला. धुक्यासारखी पसरलेली गिटार, मागं लांबून येणारी किंकाळी. त्याला वाटलं, स्पीकर फाटला! उचलून थेट उसाच्या ट्रॅक्टरला टेप बसवणाऱ्या मिस्त्रीकडं नेला. मिस्त्रीनंबी तोच अल्बम ऐकून मान हलवली आणि आतला चांगला कोन, म्हंजी आवाज काढणारा कागदी पडदा, काढून नवा बसवला.

दुपारी घरी येऊन मी तोच अल्बम लावला. संत्या म्हणतो, "आयला, नवाबी फाटला की रं!"

मिरवणुकीत खिडक्या हादरवणारा डीजे ह्याला लय गोड लागतो, आन आवाजाची पारख हाच करणार!

माझा जुना कोन मिस्त्रीनं भंगारात टाकलाय. आता सांगा, संत्याला कुठं टाकू?