वलवणच्या वर्गातले आंतरराष्ट्रीय गुन्हे

आमच्या रविवारच्या वर्गाची हजेरी तीन वर्षांत काही वाढली नाही. चार-पाच डोकी होती, चार-पाचच आहेत. किस्से मात्र मे महिन्यातल्या पाहुण्यांसारखे, एक आला की त्याच्यामागे दोन! लोणावळ्यात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज करायला आलेलं गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की मी एखादा किस्सा सुरू करतो आणि मग गिऱ्हाईक अर्ज विसरतं. बायको म्हणते, "टायपिंगची पाटी उतरवा, किश्श्यांची लावा!"

आधी वर्ग म्हणजे काय ते सांगतो. जवळच वलवणला एक छोटं वाचनालय आहे. तिथे काळोखे सरांना एका व्याख्यानाला बोलावलं होतं. सर कायद्याचे निवृत्त प्राध्यापक. विषय काय, तर 'आंतरराष्ट्रीय गुन्हे आणि त्यांविरुद्धच्या कायद्यांचा इतिहास'. आम्हाला वाटलं, तासाभरात आटपेल, चहा होईल. तासाभरात सर समुद्री चाच्यांपर्यंतच पोचले! म्हणाले, "उरलेलं पुढच्या रविवारी." ते उरलेलं अजून चालू आहे.

* * *

त्या पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "सगळ्यात जुन्या आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांपैकी एक म्हणजे चाचेगिरी. चाचा कुठल्याही देशाचा असो, तो साऱ्या मानवजातीचा शत्रू. ज्या देशाच्या हाती लागेल त्यानं त्याला शिक्षा करावी."

समोर मळवलीचे बबन आबा बसले होते. भाताची शेती, वय पंच्याहत्तर. व्याख्यानाला आले होते ते खरं तर पंख्याखाली बसायला. ते एकदम म्हणाले, "म्हंजी रानडुक्करच की! कुनाच्या बी खाचरात घुसू द्या, सगळ्या गावानं हाकलायचं. ज्याचं खाचर त्यानंच बगावं म्हनलं, तर कुनाचंच भात ऱ्हायाचं न्हाई."

सर बोलायचे थांबले. खिशातून पेन काढलं आणि आबांचं वाक्य वहीत उतरवून घेतलं! म्हणाले, "हे समजवायला मला कॉलेजात दोन लेक्चरं लागायची."

तेव्हापासून नियमच झाला. वर्ग सुरू होताना कुणीतरी मागच्या रविवारची उजळणी करायची, आणि ती स्वतःच्या भाषेत. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हणेल त्याच्याकडून सगळ्यांना चहा. मी बरेच चहा पाजलेत.

* * *

एका रविवारी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या खटल्यांचं चाललं होतं. मोठमोठे अधिकारी कोर्टात सांगत होते, "वरून हुकूम आला, आम्ही पाळला." न्यायाधीशांनी ऐकलं नाही. सर म्हणाले, "वरिष्ठांचा हुकूम होता म्हणून माणूस सुटत नाही, हे जगानं तिथं ठरवलं."

घरी येऊन मी ते बायकोला सांगितलं. हीच माझी चूक.

पुढच्याच आठवड्यात ती म्हणाली, "माळा साफ करा, अडगळ भंगारात द्या." मी दिली. त्यात तिच्या आईचं पितळी पातेलं गेलं. मी म्हणालो, "अगं, तूच सांगितलंस ना!"

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वरिष्ठांचा हुकूम होता म्हणून माणूस सुटत नाही. तुमच्याच सरांनी सांगितलंय!"

भंगारवाल्याला शोधत मी पार तळेगावपर्यंत गेलो. पातेलं मिळालं, त्या भल्या माणसानं ते वेगळं काढून ठेवलं होतं. "कुणाच्या तरी माहेरचं दिसतंय" म्हणाला.

* * *

मग आलं प्रत्यार्पण. गुन्हा करून दुसऱ्या देशात पळालेल्याला परत मागायचं तर करार लागतो. आणि ज्या गुन्ह्यासाठी परत दिला, त्याच गुन्ह्याचा खटला चालवायचा. नवीन आरोप मागून चिकटवायचे नाहीत.

त्याच महिन्यात आबांची म्हैस शेजारच्या गावात घुसली आणि एकाचं भाताचं रोप खाऊन आली. तो गडी दुसऱ्या दिवशी मळवलीत हजर. आबांनी पंचांपुढे म्हैस उभी केली आणि चूक कबूल केली. रोपाच्या बदल्यात रोप देतो म्हणाले. तेवढ्यात गडी म्हणाला, "गेल्या साली माजं कुंपन बी हिनंच मोडलं!"

आबा ताडकन उठले. "ते चालायचं न्हाई! रोपासाटी म्हस हजर केलीया, तर रोपाचंच बोलायचं. आंतरराष्ट्रीय कायदा हाय ह्यो!"

पंच एकमेकांकडे बघायला लागले. पण कायद्याचं नाव निघाल्यावर कुंपणाचा विषय जो बंद झाला तो झालाच.

* * *

आता सलीमभाईंबद्दल सांगायला हवं. सलीमभाई मुलाणी, मळवलीचेच. चिक्कीचे पुठ्ठ्याचे बॉक्स बनवतात. वर्गात सगळ्यात शेवटी बसणार आणि सगळ्यात जास्त हसणार. त्यांची मुलगी नाझिया लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शनला होती. बोलायला चुणचुणीत. तिला परदेशात कस्टमर सपोर्टची नोकरी लागली, तेव्हा सलीमभाईंनी वर्गात पेढे वाटले होते. तिचे रोज मेसेज यायचे, 'मी मजेत आहे, काम खूप आहे.'

आणि एके दुपारी एक म्हातारी बाई मळवलीत उतरली. दोन एसट्या बदलून आलेली. 'चिक्कीच्या बॉक्सवाले मुलाणी' विचारत विचारत दारात आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "तुमची पोर मजेत न्हाई. तितं तिला कोंडून ठिवलीया आन लोकास्नी फोनवर फसवायला लावत्यात. तिला सोडवा." घोटभर चहा घेतला आणि परतीच्या एसटीसाठी निघूनही गेली. सलीमभाई इतके हादरले होते की नाव-गाव विचारायचंच राहिलं.

मेसेज दुसरंच कुणी टाइप करत होतं!

* * *

त्या रविवारी सलीमभाई आले ते थेट पहिल्या रांगेत बसले. म्हणाले, "सर, ती आपल्या पायानं गेली. सही तिनंच केली. पेढं म्या वाटलं. आन लोकास्नी फोन बी तीच करतीया. उद्या ती सुटली, तर हितं तिलाच आत टाकतील. मंग मी तिला सोडवू कुनाच्या तोंडानं?"

सरांनी चालू धडा मिटला. माणसांच्या तस्करीविरुद्ध जगातल्या देशांनी मिळून केलेला करार काढला आणि त्यातलं एकच कलम दोन तास शिकवलं. फसवून घेतलेली संमती ही संमतीच नव्हे.

पुढच्या रविवारी उजळणीला सलीमभाई स्वतः उठले. "गळाला आमिष लावून मासा वर काढला," ते म्हणाले, "तर मासा आपल्या पायानं आला, आसं म्हनायचं न्हाई."

आबांनी लगेच विचारलं, "माशाला पाय कुटं अस्त्यात, सलीम?"

आणि कित्येक दिवसांनी सलीमभाई हसले. हसता हसता रडले. त्या दिवशीचा चहा सरांनी पाजला.

* * *

अर्ज मी टाइप केले. पोलिसांना, मंत्रालयाला, दूतावासाला. प्रत्येक अर्ज सरांनी तपासला. तक्रारदार म्हणून सलीमभाईंची सही झाली, तर आबांनी कागद ओढून घेतला. "आमची बी घ्या."

"आबा, तक्रार बापाची आहे," मी म्हणालो.

"मानसं चोरनारा समद्यांचाच वैरी न्हाई व्हय? मंग समद्यांनी सह्या करायच्या!"

आणि आबा तो कागद घेऊन गावभर फिरले. मंदिराच्या पारावरून मशिदीच्या ओट्यावर, तिथून दूध डेअरीवर. म्हशीनं ज्याचं रोप खाल्लं तो गडीसुद्धा सही करून गेला. पोलिसांच्या टेबलावर तो गठ्ठा ठेवला तेव्हा हवालदार म्हणाले, "अहो, तक्रारदार एक असतो. हे अख्खं गाव कसं?"

आबा म्हणाले, "साहेब, रविवारी वलवनला येत जावा. सांगतो."

हवालदारांनी गठ्ठा सबंध जोडून पुढे पाठवला. लोक पोलिसांच्या नावानं बोटं मोडतात, मी मोडणार नाही. दूतावासातला एक कारकून दर खेपेला फोन उचलायचा आणि "अजून नाही, पण सोडलेलं नाही" म्हणायचा. त्याचा चेहरा आम्ही कधी पाहिला नाही. ही सगळी माणसं आठवली की अजून हात जोडावेसे वाटतात.

पावसाळा सरता सरता, तिला कोंडलं होतं ती इमारत तिथल्या पोलिसांनी रिकामी केली आणि नाझिया बाकीच्या सुटलेल्यांबरोबर परत आली. विमानतळावर सलीमभाई नुसतेच तिच्याकडे धावत सुटले. आबांनीच हाक मारली.

* * *

उरला होता पोलिसांपुढचा जबाब. सलीमभाईंना भीती त्याचीच होती. पोरगी घरी आली, पण आता आरोपी ठरते की काय! जबाबाला बापलेकींबरोबर सर गेले, कागद सांभाळायला मी.

महिला अधिकारी शांत होत्या. त्यांनी विचारलं, "तू फोन केलेस?"

"केले, मॅडम. नाही केले तर मारायचे."

"काय बोलायचीस?"

"मी दिल्लीची पोलीस ऑफिसर आहे, तुमच्या नावानं पार्सल सापडलंय, अमक्या गावचा अमका माणूस पकडलाय, अशी स्क्रिप्ट होती. मला महाराष्ट्रातले नंबर द्यायचे. सुपरवायझरला मराठी येत नव्हतं. मग मी स्क्रिप्ट आमच्या मळवलीच्या बोलीत म्हणायचे. 'हालो, आमी दिल्लीस्नं पोलीस बोलतुया. तुमचं पार्सल हितं घावलंय बगा!' लोक हसून फोन ठेवायचे."

अधिकारी बाईंनी तोंडावर रुमाल धरला. सरांची मान खाली, खांदे हलत होते. सलीमभाई तेवढे पोरीकडे एकटक बघत होते.

"एकही फसलं नाही?"

"माझ्या फोनवर नाही. एक आजी मात्र फोन ठेवेचनात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'बोलन्यावरनं आपल्याकडची वाटतीस. कुन्या गावची गं तू?' मला रडू फुटलं. सुपरवायझर उठून जवळ यायला लागला. मग मी त्या आजींवर ओरडायलाच लागले, मॅडम. धमकी देतात तसं, टेबलावर हात आपटून! 'मी पोलीस न्हाई! मला हितं कोंडलंय! मळवलीत सलीम मुलानी हाय, चिक्कीच्या बॉक्सवाला, त्यो माजा बाप! त्याला जाऊन सांगा!' सुपरवायझर खूश झाला. लांबूनच अंगठा दाखवला."

"आणि आजी?"

"हळूच म्हणाल्या, 'सांगते, बाय. उद्याच जाते. पर आदी तू सांग, जेवलीस का?'"