भटू मिस्त्रींचा कान

भटू मिस्त्री पंपघरात शिरताना चपला बाहेर काढत. मग पिशवीतला लांब पेचकस घेऊन त्याचं टोक चालत्या पंपावर टेकवत, लाकडी मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून उभे राहत. मध्येच कुणी बोललं तर हात वर करून त्याला गप्प करत. मग तो शेतकऱ्यांच्या पाणी संस्थेचा चेअरमन असो की माझ्यासारखा नवा इंजिनिअर.

माझी सगळी नोकरी तापीकाठी पाणी उपसण्यात गेली. आता निवृत्त होऊन शहाद्यात राहतो. काम चांगलं केलं, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही. मी बसवलेले पंप अजून चालतात. पण त्यातलं निम्मं शहाणपण सातवी नापास भटू मिस्त्रींचं, हेही सांगून टाकलेलं बरं.

प्रकाशा या तीर्थाच्या अलीकडे एका गावात गुजर शेतकऱ्यांची उपसा योजना मी उभारत होतो. नव्या पंपाने महिन्यात दोनदा बेअरिंग जाळलं. ऐन वैशाख, केळीने माना टाकलेल्या आणि शेतकरी पंपघराबाहेर ठाण मांडून बसलेले. मोटर आणि पंप एका रेषेत आहेत ना, हे मी काट्याच्या मापकाने तीनदा मोजलं होतं. माझ्या मापात चूक नाही, असं मी ठणकावून सांगितलं.

मिस्त्रींनी कानावरची मूठ काढली. "तुम्हना काटा खोटं बोलत नही, सायेब. पन माप पाइप जोडाना पहिले लिधं ना? आते पंप कन्ही ऱ्हायना." माप मी पाइप जोडण्याआधी घेतलं होतं हे खरं होतं, आणि आता पंप कण्हत होता.

त्यांनी पंप आणि पाइप यांच्या जोडाचे नट ढिले केले. शेवटचा नट निघताच पाइप खाडकन दोन बोटं मागे सरकला. पाइप आखूड पडत होता, तेव्हा साखळीने ओढून जोडा, हा हुकूम माझाच होता. तो ताण पंपाला सारखा वाकडं खेचत होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाहेरचे लोक आत डोकावू लागले, तर मिस्त्री शांतपणे म्हणाले, "पाइप आखूड शे. सायेबस्नी शोधी काढं."

लोक पांगल्यावर मला एकट्याला म्हणाले, "जोडाले जोर लागना, तर जोड चुकना समजा. बोल्ट आपसूक आत जावाले जोयजे." जोर लावावा लागला की जोडच चुकला, हे मी त्या दिवशी शिकलो.

पाइपाला तुकडा जोडला. या खेपेला बोल्ट दोन बोटांनी आत सरकले आणि संध्याकाळी केळीला पाणी पोचलं. तेव्हापासून कुठलाही जोड आवळण्याआधी मी हाताने बोल्ट सरकवून पाहिला. नोकरीवर. घरी नाही.

निवृत्तीच्या वर्षी माझी मुलगी वैशाली हिच्यासाठी एका जुन्या सहकाऱ्याच्या इंजिनिअर मुलाचं स्थळ आलं. नाव ठेवायला जागा नव्हती. वैशाली काही ना काही सांगून टाळत राहिली. मग मी, माझी बायको, तिचा मामा, सगळ्यांनी पाळीपाळीने महिनाभर तिला समजावलं. शेवटी ती "बरं" म्हणाली आणि मी लगेच पत्रिका छापून घेतल्या.

पहिली पत्रिका घेऊन भटू मिस्त्रींकडे गेलो. जन्मभर पंपांच्या घरघरीत राहून ते आता जवळजवळ बहिरे झाले होते. अंगणात खाटेवर बसून त्यांनी पत्रिका उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "पोर राजी शे?"

"हो," मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "महिनाभर सगळ्यांनी समजावलं, तेव्हा कुठे तयार झाली."

त्यांनी पत्रिका खाटेवर ठेवली. "मंग जोर लागना," एवढंच म्हणाले.

परतताना स्कूटरवर मी त्यांच्यावर चिडलो. म्हाताऱ्याला पंप आणि पोरगी यांतला फरक कळत नाही, असं स्वतःशी पुटपुटलोसुद्धा. पण घराचं फाटक उघडेपर्यंत तो राग ओसरला होता आणि भीती वाटायला लागली होती.

वैशाली दादरची, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीची, भाकरी थापत होती. मी म्हणालो, "तुला हे लग्न नको असेल तर आत्ता सांग. तुला कुणी काही समजावणार नाही."

तिचे हात थांबले. "बाबा, तुम्ही आज पहिल्यांदा विचारलंत. आजवर नुसतं सांगत होतात." मग पिठाच्या हातांनीच तोंड झाकून ती रडली. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन नकार कळवला. तो सहकारी अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलो. पाइप ओढून जोडला होता मीच, तेव्हा नटही मलाच ढिले करायचे होते.

दोन वर्षांनी वैशालीने खापर गावच्या शाळेतला एक शिक्षक आपणहून घरी आणला. भाऊबंदांनी नाकं मुरडली. मी तिला मिस्त्रींचाच एक प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून लग्नाच्या तयारीला लागलो.

भटू मिस्त्री सुनेचा हात धरून लग्नाला आले. त्याच थंडीत ते वारले. त्यांचं असं बाहेर पडणं ते शेवटचंच. पहिल्या रांगेत बसून ते टक लावून बघत होते. अंतरपाट दूर झाला, आणि कुणी ढकलायच्या आत वैशालीने पुढे होऊन हार घातला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा, ते कळत नाही. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "सायेब, बोल्ट आपसूक गया."

भटजी थबकले, पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. वैशालीला मात्र मी सगळं सांगितलेलं होतं. ती आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघून हसली.