पाठीवरचा डबा
काल स्वयंपाकघरात गोडेतेलाच्या नव्या डब्याचं बूच फिरवलं, वास आला आणि वसमतजवळची आमची विहीर आठवली. पस्तिशीत मी ट्रायथलॉनला नाव दिलं होतं; सायकल जमायची, धावणंही जमायचं, पोहणं मात्र अजिबात येत नव्हतं. दर रविवारी वडील माझ्या पाठीला तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा बांधायचे आणि पायरीवर बसायचे. मी उडी टाकली की कपारीतले पारवे फडफडत वर जायचे, हिरवं गार पाणी नाकात शिरायचं. "काहून भिऊन राहिलीस, माय? डबा हाय न्हं पाठीला!" एवढं ऐकलं की माझे हातपाय चालायला लागायचे. स्पर्धेला महिना उरला असताना वडील अचानक गेले. तेरावं झाल्यावर मी एकटीच विहिरीवर गेले. डबा बांधायला उचलला, तर त्याच्या बुडाला तापल्या खिळ्यानं पाडलेली दोन भोकं दिसली. त्यांच्या कडांना शेवाळ धरलेलं होतं. म्हणजे कितीतरी रविवार डबा पाण्यानं भरून जायचा आणि मी माझ्याच बळावर पोहत होते. स्पर्धा मी पुरी केली. तलावाच्या काठावर खूप माणसं ओरडत होती, पण माझ्याशी खोटं बोलायला कुणी नव्हतं.