आकाशातली धूळ मोजणाऱ्या बाई

डॉ. सुलभाबाई केरकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या परळला आमच्या प्रयोगशाळेच्या आवारात उकिडव्या बसून गवत खुडत होत्या. मी मुलाखतीला आले होते, तेही वेळेच्या बरीच आधी. गणपतीचे दिवस होते, म्हणून मला वाटलं, दूर्वा काढताहेत. "अहो, तिकडे कुंपणाजवळ चांगल्या कोवळ्या आहेत," असं मी आपलं शहाणपण पाजळलं. बाईंनी आभार मानले, कुंपणाजवळ जाऊन मूठभर दूर्वा खुडल्या आणि कागदी पिशवीत घालून वर तारीख लिहिली. अर्ध्या तासाने पाहते तर मुलाखतीच्या टेबलामागे त्याच बाई! "यांना गवत ओळखता येतं," एवढंच त्या शेजारच्या साहेबांना म्हणाल्या, आणि मला नोकरी लागली.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. नाक्यानाक्यावर सभा होत. त्याच सुमारास दूरच्या समुद्रांत बडी राष्ट्रं अणुबाँबच्या चाचण्या करीत होती. त्यांची किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर पृथ्वीभर फिरे, पावसाबरोबर खाली उतरे, गवतावर आणि पालेभाजीवर बसे, गवतातून गुरांच्या दुधात जाई. आपल्याकडे ती किती उतरते, हे बाई मोजत. गवत, भाजी, दूध वाळवायचं, जाळायचं आणि ती राख मोजणीच्या यंत्राखाली धरायची, असं ते काम. बाईंची शिस्त कडक. पुडीवर तारीख नाही म्हणून माझी आठवडाभराची मेहनत त्यांनी एकदा केराच्या टोपलीत टाकली होती. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, याचा राग मला जास्त आला.

माझ्या हातून घडलेला पराक्रम मात्र त्याहून मोठा. आम्ही काळाचौकीला चाळीत राहत होतो. प्रयोगशाळेत जागा अपुरी, म्हणून काही भाजी मी आमच्या गच्चीवर स्वच्छ धडप्यावर वाळवी. मेथी घेत असे नाक्यावरच्या पार्वतीकाकूंकडून. काकू मालवणकडच्या. शिवडीच्या बाजूला पडीक जागेत त्या आणि त्यांचे यजमान पालेभाजी लावत, आणि त्यावरच त्यांचं घर चाले. एके दिवशी त्या मेथीची राख यंत्राखाली धरली आणि आकडा असा चढला की मी धावत जाऊन बाईंना बोलावून आणलं. बाई म्हणाल्या, "पुन्हा मोजू. तोवर कुणाला बोलू नका." मी घरी जाऊन फक्त सासूबाईंना सांगितलं. आता चाळीत 'फक्त सासूबाईंना' म्हणजे काय, ते जाणकारांना सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही मजल्यांना ठाऊक होतं की काकूंच्या भाजीत बाँब आहे.

तीन दिवस काकूंची एक जुडी खपली नाही. मी जाताना त्यांनी हाक मारली, "बाय, माझ्या भाजयेत वीख आसा काय गो?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी रडतच सगळं बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. काकूंकडची ताजी मेथी आणून प्रयोगशाळेतच वाळवली, मोजली. आकडा नेहमीसारखा! मग त्या माझ्याबरोबर आमच्या गच्चीवर आल्या. तिथे आमचे हे सभेच्या गॅसबत्त्या साफ करीत बसले होते. बत्तीची जळकी जाळी काढायची, कठड्यावर झटकायची आणि नवी बांधायची. राख उडत होती ती थेट माझ्या धडप्यावर. बाईंनी एक जुनी जाळी पुडीत बांधून घेतली. यंत्राखाली धरताच ते असं टकटकायला लागलं की बाई खुर्चीत बसून पोटभर हसल्या. त्या जाळ्यांत थोरियम असतं, आणि ते मुळातच किरणोत्सारी. सारा दोष आमच्या ह्यांच्या स्वयंसेवकगिरीचा, आणि माझ्या गच्चीचा.

साहेब म्हणाले, "भाजीत काहीही नाही, असं पत्रक काढून मोकळे व्हा." बाईंनी नकार दिला. "काहीही नाही, हे खरं नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे नाक्यावरच्या सभेत पाच मिनिटं मागितली.

त्या संध्याकाळी बाई म्हणाल्या, "आमच्याकडून चूक झाली. नमुन्यात बत्तीची राख पडली होती. काकूंच्या भाजीत इतरांच्या भाजीत आहे तेवढंच आहे. ते फार थोडं आहे, पण आहे. आणि तेही आपल्या ताटात कुणी टाकू नये, हे म्हणायचा आपल्याला हक्क आहे."

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो बाई, खायची का नाय, ते सांगा ना!"

"खा. धुऊन खा. मी आजच दोन जुड्या घेतल्यात."

'आमच्याकडून' हा शब्द मला सहन झाला नाही. मी उभी राहिले आणि म्हटलं, "चूक माझी होती. बोभाटाही मीच केला." सासूबाईंनी डोक्याला हात लावला.

सभा संपल्यावर काकू बाईंसमोर आल्या. "बाईनू, कायच नाय म्हटला आसतात, तर माझी भाजी बेगीन खपली आसती."

"खपली असती," बाई म्हणाल्या. "पण उद्या खरंच काही निघालं, तर माझं कोण ऐकणार?"

काकू टोपली उचलून गेल्या. भाजी हळूहळू खपू लागली, पहिलं गिऱ्हाईक आमच्या सासूबाई. आणि पुढच्या महिन्यात काकू मेथीची जुडी घेऊन स्वतः प्रयोगशाळेच्या दारात हजर! "मोजून सांगा. आसात ता सांगा." त्यानंतर शिवडीची ती भाजीची वाडी होती तोवर त्यांचा एकही महिना चुकला नाही. ज्या बाईचं पोट आमच्या आकड्यावर अवलंबून होतं, ती आपण होऊन तो आकडा विचारायला येत होती. बाईंना पुढे मानसन्मान पुष्कळ मिळाले, पण मला विचाराल तर त्यांचा खरा सत्कार दर महिन्याला आमच्या दारात होत होता.

आज बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. शतायुषी व्हा म्हणावं, तर त्या विचारतील, हा आकडा कुठून आणला? म्हणून आकडा सांगत नाही. बाई, प्रकृती ठणठणीत ठेवा आणि आम्हाला खरं सांगायला पुष्कळ वर्षं आमच्यात राहा.