नाकेदारभाऊंची बँकॉकमधली झडती

नाकेदारभाऊ आधी समोरच्याच्या पिशवीकडे बघत आणि मग तोंडाकडे. आमच्याकडे वनरक्षकाला नाकेदार म्हणतात. त्यांची अर्धी नोकरी जंगलाच्या तपासणी नाक्यावर गेली, त्यामुळे आमच्या सावली गावात त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. बाजारातून येणाऱ्या बाईलाही ते "काय नेऊन राह्यली?" असं विचारत आणि ती बिचारी मेथीची जुडी काढून दाखवी. मी शाळेतली मास्तरीण, पण माझ्या पिशवीचीही सुटका नव्हती. मला त्याचा रागच यायचा.

त्यांच्या चुलतभावाच्या बैलगाडीत भाताच्या तणसाखाली सागाच्या फळ्या सापडल्या, तेव्हा पंचनामा त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला. त्या घरानं पुढं किती तरी वर्षं त्यांना लग्नकार्याला बोलावलं नाही. एकदा नाल्यात चारही पंजे तोडलेला वाघ मिळाला. साहेब येईपर्यंत हे दोन दिवस त्याच्यापाशी बसून होते. आणि यांच्याच धाकट्या भावाला मोहफुलं वेचताना वाघानं नेलेलं. वाघाचा राग येत नाही का, असं मी एकदा विचारलं होतं.

"त्याले भूक होती, बाई," ते म्हणाले. "पंजे तोडनाऱ्यायले कोन्ती भूक होती?"

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही मी बँकॉकमध्ये जे केलं ते केलंच.

आम्ही निवृत्त मंडळी नागपूरच्या एका सहल कंपनीबरोबर थायलंडला गेलो होतो. नाकेदारभाऊंनी सुनेकडून मोहाच्या लाडवांचे डबे करून आणले होते आणि प्रत्येकाला एकेक दिला होता. बाकीचे तिथल्या बाजारात नाकाला रुमाल लावून वरणभात शोधत फिरत होते, हे मात्र गाडीगाडीपाशी थांबून कढईत डोकावत. एका बाईनं परतलेल्या मुंग्यांची अंडी पुढं केली, तर खाऊन मोकळे झाले. वर आम्हालाच ऐकवलं, "भामरागडाकडं लाल मुंग्यायची चटनी खातेत. इथी नवं काय हाय?" शहाळं फोडून दिलं तरी आधी चार थेंब जमिनीवर सांडायचे आणि मग तोंडाला लावायचं. त्यांच्या गोंड घरातली ती रीत. पहिला घोट मातीचा, असं म्हणत. चकचकीत फरशीवर ते थेंब पडले की दुकानदार फडकं घेऊन धावे आणि हे त्याला हात जोडत.

शेवटच्या दुपारी सगळे सुकवलेला आंबा, नारळाच्या वड्या, मलमाच्या डब्या घेत होते. मी एकटीच ताईत विकणाऱ्यांच्या गल्लीत शिरले. माझ्या नातवाचं बारसं महिन्यावर आलेलं. आमच्या माहेरी थोरल्या मुलाच्या गळ्यात चांदीत मढवलेलं वाघनख असायचं, माझ्या भावाच्या गळ्यात मी ते पाहिलेलं. आता ते मिळणार कुठून? विक्रेत्यानं इकडंतिकडं बघत कापडाखालून एक नख काढलं, "टायगर" म्हणाला आणि माझा विवेक तिथंच गळून पडला. खोलीवर येऊन मी ते लाडवांच्या डब्यात तळाशी दडवलं. त्यांच्याच डब्यात. याची लाज मला आजही वाटते.

निघायच्या सकाळी नाकेदारभाऊ प्रत्येकाच्या खोलीत हजर. विमानतळावर फजिती नको, एकदा पाहून घेऊ, म्हणाले. कुणाची तरी साप घातलेली दारूची बाटली त्यांनी बाहेर काढायला लावली. मग माझ्याकडे आले. डबा उचलला, तळहातावर तोलला आणि थांबले. त्यांनी झाकण उघडलं, लाडू सरकवले, नख काढून खिडकीशी नेलं आणि उलटसुलट करून पाहिलं. मग होतं तिथं ठेवून झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. आणि पुढच्या खोलीकडे निघून गेले.

बसमध्ये ते माझ्या मागच्याच सीटवर होते. सख्ख्या चुलतभावाला न सोडणारा माणूस मला सोडेल, अशी आशा मला नव्हती. परक्या देशात पोलीस, मग पेपरात नाव, मुलगा काय म्हणेल, मी शिकवलेली पोरं काय म्हणतील. विमानतळावर तपासणीच्या रांगेतही ते माझ्याच मागे. शेवटी मी वळले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्हीच सांगा, काय करू?"

"मी रिटायर झालो, बाई," ते म्हणाले. "डबा तुमचा हाय."

मला ते फार निष्ठुर वाटलं. मी रांगेतून बाहेर पडले आणि तिथल्या अधिकाऱ्यासमोर डबा उघडून ठेवला. मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यानं मला एका खोलीत नेलं. नाकेदारभाऊ न सांगता सोबत आले आणि दाराशी उभे राहिले. विमानाची वेळ जवळ येत होती. तिथल्या एका अधिकारी बाईनं भिंग लावून नख पाहिलं, मुळाशी साच्याची बारीक रेघ दाखवली आणि हसत ते माझ्या हातावर ठेवलं. प्लास्टिक होतं.

ते मी तिथल्याच कचरापेटीत टाकलं. विमान उडाल्यावर त्यांना विचारलं, खिडकीशी ती रेघ तुम्हाला दिसली होती ना? त्यांनी मान डोलावली. मग तेव्हाच का नाही बोललात, माझा जीव जायची वेळ आली होती, असं मी जरा चिडूनच म्हणाले.

"नकली हाय हे मले समजलं होतं," ते म्हणाले. "पन तुमी तं अस्सल समजूनच घेतलं होतं न, बाई."



गेल्या हिवाळ्यात नाकेदारभाऊ गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांची सून मला बिलगून रडली. सहलीतलं ते एकच सांगत असत, म्हणाली. तिकडं एक जण चोरून वाघनखं विकत होता, आपल्या शाळेच्या बाईनं ते नेऊन थेट पोलिसांपुढं ठेवलं, अशी हिंमत पाहिजे. दारावर येईल त्याला हे सांगायचे. उभ्या जन्मात ज्यांनी कुणाची चोरी झाकली नाही, त्यांनी माझी झाकली होती.

ती माझ्याकडे मोठ्या कौतुकानं बघत होती. तिला खरं सांगायचं माझ्यानं झालं नाही. ते इथं लिहिते आहे. हे छापून आलं की हा अंक तिच्या घरी मी स्वतः नेऊन देणार आहे.