पोरं पाहिजेत, सगळ्या प्रकारची

सिनेमाचं युनिट गाव सोडून जातं, तेव्हा मागे दोन गोष्टी उरतात: प्लॅस्टिकचे ग्लास आणि किस्से. ग्लास ग्रामपंचायतीने उचलले. किस्से माझ्याकडे साचले, कारण खर्ड्याच्या किल्ल्यात मुलांच्या साहसपटाचं शूटिंग चाललं, तेव्हा महिनाभर मी त्यांचा ‘भाषा सल्लागार’ होतो. एरवी मी इथला शाळामास्तर. मे महिन्याची सुट्टी होती, म्हटलं चला!

गोष्ट साधी. मुंबईची चार मुलं किल्ल्यात खजिना शोधतात. पण पैसे घालणाऱ्या कंपनीचा फोन आला, पोरं एकसारखी नकोत. एक खेड्यातला हवा, एक मुसलमान हवा, एक अपंग हवा. डायव्हर्सिटी! आता तीन जागा आधीच भरलेल्या. निर्मात्याचा मुलगा, निर्मात्याची भाची आणि भाचीची मैत्रीण. दिग्दर्शक मला बाजूला घेऊन म्हणाला, “सर, हे तिन्ही एकाच पोरात बसतील का?”

बसत होते की! आमचा सलीम. सातवीत, जन्मापासून एक पाय अधू. ऑडिशनला बोलावलं, तर पठ्ठ्या सगळ्या युनिटच्या आधी बुरुजावर जाऊन बसला. दिग्दर्शक नाराज. “याचं अपंगत्व दिसतच नाही हो!”

मग पुण्याहून धडधाकट मुलगा आणला आणि त्याच्या हातात कुबडी दिली. दुसऱ्या दिवशी शॉटमध्ये तो लंगडत असताना खालून सलीम ओरडला, “ओ दादा, काल डावा हुता!”

*

माझं भाषेचं खातंही असंच. गावातलं प्रत्येक पात्र वाक्यागणिक “व्हय जी” म्हणत होतं. मी लेखकाला सांगितलं, इथं कुणी असं बोलत नाही. तो समजुतीने हसला.

“सर, तुम्ही इथंच राहता ना, म्हणून तुम्हाला ते ऐकू येत नाही!”

*

गर्दीच्या सीनला गावातली तीस पोरं बोलावली. सगळी नवे कपडे घालून, तेल-पावडर लावून हजर. मेकअपवाल्याने तासभर खपून त्यांना माती फासली. एका पोराच्या आजीने ते पाहिलं, पदराने नातवाचं तोंड खसाखसा पुसलं आणि म्हणाली, “आमच्याकडं पानी येतं म्हनावं!”

*

भाचीला उंचीची भीती निघाली, आणि तटावर चढायचा मोठा सीन नेमका तिचाच. शेवटी माझ्या वर्गातली अश्विनी उभी केली. तिचे आईबाप ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात घरी असतात. भाचीचा पिवळा ड्रेस घालून, कमरेला दोर बांधून पोरगी सात वेळा तट चढली. मला एकच विचारलं, “सर, माजं तोंड दिसन ना? आईनं समद्यांना सांगितलंय.”

मी दिग्दर्शकाला विचारलं. तो म्हणाला, “एक क्लोज-अप नक्की!” घेतलाही माझ्यासमोर. मी अश्विनीला शब्द देऊन टाकला. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या मे महिन्यात सिनेमा आला. शाळेत खिडक्यांना सतरंज्या लावून भर दुपारी प्रोजेक्टरवर दाखवला. अश्विनीची आई, मंदाताई, ठेवणीतलं लुगडं नेसून पुढे बसलेल्या. तटाचा सीन आला. पिवळा ड्रेस, पाठ, वेणी. पोरगी सरसर वर गेली, टोकावर पोचली, वळली. तोंड भाचीचं!

अश्विनी माझ्याकडे बघत होती. मी उगीच लॅपटॉपची वायर चाचपत बसलो.

मंदाताई उठल्या. “सर, मागं घ्या ते.”

मी घेतलं. तट पुन्हा आला. मंदाताई मागे बसलेल्या पोरांकडे वळल्या.

“पाठ दिसतीय तवर टाळ्या वाजवा रे. तोंड आलं की बंद!”