आनिएल्लोचं तोंड खोक्यावरून कसं उतरलं

आनिएल्लोला बुटांच्या कारखान्यातून काढलं, त्याचं गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. कातडं कापायचं काम आल्बानियात जाणार, हे नेपल्सच्या या अंगाला कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. नवल वाटलं ते काढायच्या रीतीचं. धाकटे मालक फुल्वियो यांनी अकराही कापणाऱ्यांना ओळीत उभं केलं, प्रत्येकाच्या हातात मिठाईचा पुडा दिला आणि स्वतःच टाळ्या सुरू केल्या. आमच्याकडे चर्चमधून शवपेटी बाहेर निघते तेव्हा अशा टाळ्या वाजतात. आनिएल्लोने पुडा बगलेत मारला आणि घरी येऊन कोंबड्यांना घातला. कोंबड्यांनीही दोनच चोची मारून तोंड फिरवलं, असं त्याची बायको अस्सुंता सांगते. पण अस्सुंताचं निम्मंच खरं धरायचं असतं.

एकतीस वर्षं या माणसाने कातडं कापलं. अंगठा फिरवला की ते कुठल्या अंगाला ताणणार हे त्याला कळायचं. जनावराच्या पोटाकडचं ढिलं कातडं त्याने कधी बुटाच्या नाकाला जाऊ दिलं नाही. काम गेलं ते त्याने कडू औषधासारखं गिळलं असतं. गिळवेना ते बुटांच्या खोक्याचं झाकण.

झाकणावर आनिएल्लो होता. तीन वर्षांपूर्वी काढलेला फोटो: चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात सुरी, खाली लिहिलेलं ‘आनिएल्लोच्या हातचा बूट’. आता बूट आल्बानियातून ट्रक भरून यायचे, इथे फक्त खोक्यात बसायचे, आणि वर तोंड मात्र याचं. चौकातल्या दुकानाच्या काचेत पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो काचेशी वाकला. एका बुटाचं नाक आताच सुरकुतलं होतं. पोटाचं कातडं.

तो थेट फुल्वियोकडे गेला. या पोराला त्याने लहानपणी कापायच्या टेबलावर बसवून चिंध्या खेळायला दिल्या होत्या.

“फोटो काढ माझा खोक्यावरून.”

“अहो काका, तुम्ही आमची शान आहात.”

“शानेला घरी बसवलंस की.”

“सही केलीय तुम्ही काका. फोटोच्या वेळी. कायमची.” फुल्वियोने गोड हसून कागद दाखवला. “लोकांना चेहरा लागतो. आणि खरं सांगू, तुमचा चेहरा कष्टाळू दिसतो.”

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पुष्कळ असतात, पण मढ्यालाच ‘काका’ म्हणून हसत खाणारा विरळाच. आनिएल्लो बाहेर पडला आणि कारखान्याच्या भिंतीशी थुंकला. भिंतीवर मेलेल्यांची पत्रकं चिकटवलेली होती, काळ्या चौकटीतली, फोटोसकट. आमच्याकडे माणूस गेला की गावाला तिथेच कळतं. त्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि तिथूनच कातेल्लोकडे गेला. कातेल्लो ही पत्रकं छापतो.

“कोण गेलं?” कातेल्लोने पेन्सिल घेतली.

“मी.”

“थट्टा नको. दुकानात असलं बोलू नये.” अपशकुन टळावा म्हणून एक हात त्याने टेबलाच्या लोखंडी पायावर ठेवला.

“थट्टा नाही. हा फोटो घे.” आनिएल्लोने खोक्याचं झाकण पुढे केलं. “अस्साच छाप. चष्मा, सुरी, सगळं.”

“अस्सुंताला विचारलंस?”

“तिलाही खाली दुःखी म्हणून टाक.”

“ती मला फाडून खाईल.”

“मग नुसतं ‘पत्नी’ टाक. दुःखीचं तिचं ती बघेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या भिंतींवर आनिएल्लो गेला होता. कारखान्याच्या फाटकासमोर तर चार-चार पत्रकं. अस्सुंताच्या दारात सांत्वनाला साखर-कॉफीचे पुडे घेऊन बायका आल्या. आत नवरा पावाला टोमॅटो चोळत बसलेला. एक किंचाळली, दुसरीने साखर परत पिशवीत टाकली.

“खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात,” तिसरी म्हणाली.

“वाढू दे की. दिवसभर घरातच असतो आता,” अस्सुंता म्हणाली. पत्रकावर ‘दुःखी’ नाही हे तिने वाचलं होतं, ते ती अजून विसरलेली नाही.

खरा गोंधळ कारखान्यात झाला. बूट खोक्यात भरणाऱ्या नऊ बायका. त्यांची म्होरकी फिलोमेनामावशी. तिने झाकण हातात घेतलं, फाटकासमोरच्या भिंतीकडे बघितलं, पुन्हा झाकणाकडे, आणि खाली ठेवून एप्रन सोडला.

“जिवंत आहेत ते, मावशी,” फुल्वियो म्हणाला. “आत्ता बेकरीत दिसले.”

“असतील. हा फोटो मढ्याचा आहे. मेलेल्याचं तोंड मी दिवसाला तीनशे वेळा उलटंपालटं करणार नाही. माझी सून गरोदर आहे.”

“अहो, सगळं खोटं आहे ते.”

“खोटं असेल तर तुम्ही भरा.”

फुल्वियोने पंधरा खोकी भरली म्हणतात. मग आईचा फोन आला, आणि तीही म्हणाली की ते झाकण घरात आणू नकोस. ईस्टरचा माल चार दिवस अडला. पाचव्या दिवशी नवी झाकणं आली: कोरी, फोटो नाही, नाव नाही.

म्हणजे आनिएल्लो जिंकला. फक्त कॉफीच्या दुकानात शिरला की पुरुष अजून खिशातल्या लोखंडी किल्ल्या चाचपतात, आणि तो काम मागायला गेला तेव्हा शेजारच्या गावच्या एका बूटवाल्याने त्याला दारातूनच सांगितलं, “काम होतं रे, पण ईस्टरनंतर ये. माझी बायको पत्रकं वाचते.”

जुनी झाकणं कारखान्यामागे टाकलेली. दोन हजार आनिएल्लो, उकिरड्यावर, पावसाने फुगलेले, मांजरं त्यांवर बसलेली. अस्सुंता त्यातली कोरडी बघून गठ्ठा घेऊन आली.

“चुलीला होतील. तुझंच तोंड आहे, घालू ना?”

“घाल.”

तिने चार घातली. चकचकीत पुठ्ठा, नीट पेटेना. चष्मा आधी गेला, मग नाक सुरकुतलं, आणि घरभर जळक्या रंगाचा घाण वास सुटला.

“ईऽऽ, खिडकी उघड,” अस्सुंता म्हणाली.

आनिएल्लोने उघडली आणि उरलेला गठ्ठा उचलून आणखी आठ झाकणं चुलीत कोंबली.